प्रति: चामडं शिवायचा लाकडी चिमटा

चामडं हाताने शिवताना ते घट्ट धरून ठेवणाऱ्या चिमट्यासाठी मूळ पोस्टमध्ये सुचवलेली रचना, म्हणजे प्लायच्या दोन उभ्या फळ्या, खाली बिजागरी, मध्ये नटबोल्ट, ठीक आहे. पण जाड चामडं आत गेलं की वरचं टोक ढिलं राहतं, ही तक्रार येणारच. बिजागरी खाली असल्यामुळे फळ्या वरच्या बाजूला जास्त फाकतात आणि पकड जबड्याच्या (फळ्यांची वरची, चामडं धरणारी टोकं) खालच्या कडेवर जाते. शिवण वर, पकड खाली. मग आरी (चामड्याला भोक पाडायचं टोकदार हत्यार) खुपसली की चामडं डुलतं.

म्हणून जबड्यांच्या आतल्या बाजूला रंध्याने किंचित उतार द्या. चिमटा रिकामा मिटल्यावर फक्त वरच्या कडा टेकाव्यात, खाली एक-दोन मिलिमीटर फट दिसावी. बाहेरच्या बाजूनेही वरचं टोक तिरकं छाटा, नाहीतर दोन सुयांनी शिवताना बोटं लाकडावर आपटतात. आत चामड्याची पट्टी फेव्हिकॉलने चिकटवा, खरखरीत बाजू वर ठेवून.

बोल्ट ८ मिमीचा पुरे, वर विंग नट (बोटांनी फिरवायचा पंखांचा नट). एका फळीतलं भोक उभं लांबट करा, म्हणजे फळी कलली तरी बोल्ट अडकत नाही. दोन्ही फळ्यांमध्ये बोल्टवर एक स्प्रिंग घातली की नट सैल करताच चिमटा आपोआप उघडतो. बोल्ट जबड्यांच्या फार जवळ नको. शिवत असलेल्या बॅगेचा पन्हा (रुंदी) खाली लोंबायला जागा लागते.

लाकूड सागाचं असेल तर उत्तमच. १२ मिमीचा प्लाय मात्र वाकतो, १८ चा घ्या.