विंडोज परत टाकलं, आता डी ड्राइव्हच्या फायली उघडत नाहीत (कुलूप दिसतंय)

देवगड_कलमवाला:
मंडळी जरा अडकलोय. पाऊस सुरू झाला तशी लाईट ये-जा करायला लागली आणि त्यात लॅपटॉप बसला, चालूच होईना. एकाकडे दिला, त्याने सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून विंडोज ११ परत टाकून दिलं. डी ला हात लावला नाही म्हणाला आणि खरंच फायली जागेवर आहेत, पण 'आंबा' फोल्डरमधलं काही उघडत नाही, ॲक्सेस डिनाइड येतं, आयकॉनवर छोटंसं कुलूप. २०१९ पासूनच्या वाशीच्या दलालाकडच्या विक्रीच्या पट्ट्या स्कॅन करून ठेवल्यात त्यात, कुणाला किती पेट्या गेल्या, फवारणीचा खर्च, सगळं. युजरनेम पासवर्ड जुनाच ठेवलाय. व्हिडिओ बघून सिक्युरिटी टॅबमधून ओनरशिप, म्हणजे फायलींची मालकी पण घेतली, तरी तेच. व्हायरस म्हणायचा का?

खाडीपलीकडे:
व्हायरस नाही हो दादा. रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडकवून ठेवणारा व्हायरस असतं तर पैसे मागणारी चिठ्ठी सोडून गेलं असतं. हे विंडोजचंच ईएफएस आहे, म्हणजे फायली एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करायची सोय, विंडोज २००० पासून आहे. कधीतरी फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन एन्क्रिप्टच्या चौकटीत टिक केली होती का?

देवगड_कलमवाला:
हो केली होती 😐 सीझनला पॅकिंगची पोरं लॅपटॉपवर गाणी लावतात म्हणून. पण पासवर्ड वगैरे काही मागितला नव्हता.

खाडीपलीकडे:
तिथंच सगळे फसतात. पासवर्ड मागत नाही कारण किल्ली गुपचूप तुमच्या युजर प्रोफाइलमध्ये बनते, म्हणजे सी ड्राइव्हवर, आणि तुमच्या लॉगिन पासवर्डने बंद केलेली असते. त्या वेळी खाली कोपऱ्यात 'किल्लीचा बॅकअप घ्या' असा मेसेज आला असणार, तो आपण सगळेच क्रॉस करतो. नवीन विंडोजमध्ये त्याच नावाचा युजर केला तरी आतून तो वेगळाच माणूस, त्याच्याकडे ती किल्ली नाही. आणि ओनरशिपचं म्हणाल तर सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून तिजोरी उघडत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये सायफर /सी आणि पुढे फाईलचं नाव टाका, कुठल्या सर्टिफिकेटने, म्हणजे कुठल्या किल्लीने बंद आहे ते दिसेल. मग घरातले सगळे पेनड्राइव्ह धुंडाळा, पीएफएक्स एक्स्टेन्शनची फाईल, म्हणजे त्या किल्लीचा बॅकअप, आहे का बघा. असली तर डबल क्लिक, इम्पोर्ट, संपला विषय.

मालवणी_माणूस:
मेल्या आधी तो लॅपटॉप बंद कर बघू!! त्याच्यावर काय काय टाकत बसू नको. सी ला साधी हार्ड डिस्क असेल तर डिलीट झालेलं प्रोफाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने निघू शकतं, नवीन विंडोज त्याच्यावर लिहिलं गेलं नसेल तर. एसएसडी असेल तर विसर, फॉरमॅट केलं की ती ट्रिमने (डिलीट झालेली जागा पुसायची तिची सोय) ब्लॉक मोकळे करून टाकते. आणि सी मध्ये विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर, म्हणजे जुन्या विंडोजची ठेवलेली कॉपी, आहे का बघ, असलं तर आत्ताच कॉपी करून ठेव, १० दिवसांनी ते आपोआप उडतं.

देवगड_कलमवाला:
ओल्ड फोल्डर नाही. एसएसडीच आहे. पीएफएक्स पण कुठेच नाही, चुलत्याच्या घरचे पेनड्राइव्ह सुद्धा बघून आलो.

घाटावरून_कोकणात:
फॉरमॅट करायच्या आधी दुकानदाराने स्वतःच्या हार्ड डिस्कवर कॉपी घेतली होती का विचारा, बरेच जण घेतात. अख्खा युजर्स फोल्डर घेतला असेल, त्यातल्या ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरसकट, तर त्यातल्या क्रिप्टो, प्रोटेक्ट आणि सर्टिफिकेटच्या फोल्डरांवरून, जुना पासवर्ड आठवत असेल तर, किल्ली परत बनवता येते. कटकट आहे पण होतं. आणि दुसरं, सीएला नाहीतर बँकेत यातल्या फायली मेल केल्या होत्या का? ईएफएसची फाईल मेलला जोडताना उघडी होऊनच जाते, त्या कॉपीला कुलूप नसतं.

देवगड_कलमवाला:
दुकानदाराला फोन केला. त्याने फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतलं होतं, बाकी काही नाही. तो तरी काय करणार, मीच सांगितलं नव्हतं आत काय आहे ते. पण मेलचं बरोबर निघालं, पीककर्जासाठी सीएला दरवर्षी पट्ट्या पाठवत होतो, सेंटमध्ये २०२१ पासूनच्या सगळ्या सापडल्या, मस्त उघडल्या. त्याच्या आधीची दोन वर्षं गेली. वाशीला दलालाकडे जुन्या वह्या असतात, गणपतीनंतर जाणार आहे तेव्हा विचारतो. फवारणीचा हिशोब बायकोच्या डायरीत आहे असं आत्ता तीच सांगतेय, आणि हसतेय.