मदत हवी आहे: सोमवारी साक्ष, वकील नवीन. तारीख वाढवून मिळेल का?

नमस्कार मंडळी,

२०२२ साली सोसायटीत पार्किंगवरून मारामारी झाली आणि धाकट्या भावावर भादंविचं कलम ३२६ (घातक हत्यारानं गंभीर दुखापत) लागलं. तो जामिनावर आहे. केस ठाण्याला मॅजिस्ट्रेट कोर्टात आहे. २०२३ मध्ये आरोप निश्चित झाले, त्यानंतर नुसत्या तारखा. कधी साक्षीदार गैरहजर, कधी न्यायाधीश साहेब रजेवर. दर वेळी हाफ डे टाकून कळव्याहून कोर्ट नाक्याला जायचं, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. न मागता इतक्या तारखा मिळाल्या, आता एक मागायची आहे तर पोटात गोळा आलाय.

झालंय असं की आधीचे वकील आजारी पडले आणि त्यांनी एनओसी (दुसरा वकील लावायला ना-हरकत) दिली. नव्या वकिलांचं वकीलपत्र गेल्या आठवड्यात दाखल झालं. फाईल कापडी पिशवीतून आली. काल रात्री पानं लावली तर दोषारोपपत्राची ४१ ते ५६ पानं नाहीतच, आणि दुखापतीचा दाखला नेमका त्यात. यादीत सीसीटीव्हीचा पेनड्राइव्ह लिहिलाय, तो आम्हाला कधी मिळालाच नाही. सोमवारी फिर्यादीची साक्ष आहे. वकील म्हणतात, "मुदत मागू, बघू." साहेबांनी नाही म्हटलं आणि "नो क्रॉस" झालं, म्हणजे उलटतपासाची संधीच गेली तर?

प्रतिसाद १ (ठाण्यात प्रॅक्टिस करतो)

ताई, खटला १ जुलै २०२४ च्या आधीपासून चालू आहे, म्हणून जुनी सीआरपीसीच (फौजदारी प्रक्रिया संहिता) लागू, मुदतीसाठी तिचं कलम ३०९. तिच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३४६ मधली दोनच मुदतींची मर्यादा तुम्हाला नाही. पण हुरळू नका. साक्षीदार हजर असताना तारीख द्यायची तर ३०९ मध्येही लेखी विशेष कारण लागतं, आणि वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत हे कारण तर कायद्यानंच बाद केलंय. "वकील नवीन, अभ्यास व्हायचाय" एवढ्यावर अर्ज टिकणं कठीण. "ही पानं आणि पेनड्राइव्ह मिळालेला नाही, त्याशिवाय उलटतपास घेता येत नाही" असं लिहा. कलम २०७ प्रमाणे या प्रती आरोपीला फुकट मिळायला हव्यात. पेनड्राइव्ह, मेमरी कार्डमधला मजकूर हाही दस्तऐवजच, असं सुप्रीम कोर्टानं पी. गोपालकृष्णन विरुद्ध केरळ राज्य (२०१९) मध्ये सांगितलंय. आधी मात्र जुना रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद) बघून घ्या. "प्रती मिळाल्या" अशी भावाची सही असेल तर अर्जाची हवाच जाईल.

आणि अर्ज सोमवारी पुकाऱ्याला नको. उद्याच द्या, सरकारी वकिलांना प्रत द्या, त्यांचा से (अर्जावरचं लेखी म्हणणं) येऊ दे. सोबत पर्यायी विनंतीही लिहा: सरतपास (सरकारी वकिलांचे प्रश्न) होऊ द्या, उलटतपास कलम २४२(३) खाली राखून ठेवा. नो क्रॉस झालाच तर कलम ३११ खाली साक्षीदार पुन्हा बोलावता येतो, पण ते कोर्टाच्या मर्जीवर. त्यावर विसंबू नका.

प्रतिसाद २

पाकिटात पैसे ठेवा. आम्हाला मुदत मिळाली, पण साक्षीदाराचा खर्च भरायला लावला.

प्रतिसाद ३

सुप्रीम कोर्टाच्या अनोखीलाल निकालात (२०१९) वकिलाला तयारीला किमान सात दिवस म्हटलंय ना?

प्रतिसाद १

ते कोर्टानं नेमलेल्या वकिलांबद्दल आहे. यांचे वकील खासगी. मुद्दा म्हणून जोडा, भिस्त नको.

धागाकर्ती

खूप आभार. रोजनाम्याच्या नकलेसाठी सकाळीच अर्ज टाकते. अर्ज आधीच दिला असेल तर सोमवारी भाऊ नाही आला तरी चालेल ना? त्याची कंपनी रबाळ्याला, सुट्टी मिळत नाही.

प्रतिसाद १

मुळीच नाही! मुदत राहील बाजूला, वॉरंट निघेल. अकराच्या आत कोर्टात हजर.