फ्लॉरेन्स: जोत्तोचा मनोरा चढावा की खालूनच बघावा?

घाटवाट: फ्लॉरेन्सला जाणारा जो तो तिथल्या कॅथेड्रलवरच्या, ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटाचं तिकीट मिळवायला धडपडतो. माझं ठाम मत आहे, एकच चढायचं असेल तर शेजारचा जोत्तोचा घंटा-मनोरा चढा. 414 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. घुमटावर उभं राहिलं की सगळं शहर दिसतं, फक्त घुमट तेवढा दिसत नाही. मनोऱ्यावरून तो ऐन समोर येतो. लाल कौलं, पांढऱ्या फासळ्या आणि माथ्यावर कठड्याशी उभी असलेली चिमुकली माणसं. ती माणसं दिसली की घुमट केवढा आहे ते कळतं.

सावली: मुळात चढायचंच कशाला? मनोऱ्याची खरी श्रीमंती पायथ्याशी आहे. तिथले षट्कोनी शिल्पपट बघा: नांगर धरलेला शेतकरी, मागावर विणणारी बाई, रुग्णाच्या लघवीची कुपी निरखणारा वैद्य. चौदाव्या शतकात कॅथेड्रलच्या भिंतीवर कष्टाच्या कामांना एवढा मान मिळाला, आणि लोक त्यांच्याकडे पाठ करून रांगेत उभे राहतात! वाईट वाटतं.

घाटवाट: भिंतीवर आता प्रतिकृती आहेत. मूळ पट कॅथेड्रलच्या मागच्या संग्रहालयात आहेत.

सावली: मग तिथे जा. शिल्पकार दोनातेल्लोचा हबक्कूक, म्हणजे बायबलमधल्या संदेष्ट्याचा पुतळाही तिथेच आहे, टक्कल पडलेला, गालफडं बसलेला. तो याच मनोऱ्याच्या कोनाड्यासाठी घडवला होता. आता त्याच्यासमोर उभं राहून चेहरा वाचता येतो. शिवाय आई-बाबा सोबत असतील तर 414 पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपणार आहेत का?

नीलकंठ_पुणे: सावली, गुडघ्यांचा मुद्दा रास्त आहे, पण बाकीचा नाही. काम 1334 मध्ये सुरू झालं आणि 1337 मध्ये जोत्तो गेला, तेव्हा जेमतेम तळमजला झाला होता. पुढे काम आंद्रेआ पिसानोने हाती घेतलं, मग फ्रान्चेस्को तालेन्तीने. त्याने 1359 मध्ये काम संपवलं. या तालेन्तीने वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा मोठा केला, म्हणजे चौकातून बघताना मनोरा वर निमुळता होत गेल्यासारखा वाटू नये. खालून बघणाऱ्याला ही करामत जाणवतच नाही, तीच तर तिची कमाल. वर जाऊन त्या मजल्यांच्या खिडक्यांत उभं राहिलं की त्यांचा खरा आकार कळतो.

घाटवाट: अगदी. आणि मधल्या मजल्यांवर थांबत थांबत जाता येतं, दम खायला जागा आहे. माथ्यावर जाळी आहे, फोटोत ती आड येते. म्हणून घुमटाचे फोटो माथ्याखालच्या मजल्यावरून काढा.

सावली: फोटोसाठी चढणाऱ्यांनी जरूर चढावं. मी संग्रहालयातच थांबेन.