‘-जी’ न देता बांधलेल्या प्रोग्रामवर डिबगर तपासताना ‘पास’ कशाला म्हणायचं?

टेस्टवाली_पुणे:
नमस्कार मंडळी. मी एका टूलचेन टीममध्ये टेस्टिंग बघते. आमचा डिबगर (चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) जीडीबी या मुक्त डिबगरवरच उभा आहे, वरून आमचे थोडे बदल. सगळ्या टेस्ट डिजाग्नू या टेस्ट चालवणाऱ्या साधनावर चालतात आणि आजवर प्रत्येक टेस्ट प्रोग्राम ‘-जी’ (फाइलीत ओळी, व्हेरिएबल, प्रकार अशी डिबग माहिती घालायचा कंपायलरचा ऑप्शन) देऊनच कंपाइल होत आला. गेल्या आठवड्यात एका ग्राहकाची ‘-जी’ नसलेली फाइल आली. ‘मेन’वर थांबून ‘स्टेप’ (एक ओळ पुढे) दिलं तर प्रोग्राम थेट शेवटापर्यंत पळाला आणि संपला.

म्हणून मी आमच्याच टेस्ट ‘-जी’ काढून चालवल्या. ४७ फेल. लीडचं म्हणणं, “माहितीच नाही तर फेल होणारच, वगळून टाक.” मला ते पटत नाही, कारण ग्राहक अशाच फायली पाठवणार आहेत. पण मग अपेक्षित उत्तर म्हणून लिहायचं काय? आणि एक कोडं: ‘बॅकट्रेस’ (कुणी कुणाला बोलावलं ती फंक्शनांची साखळी) मात्र नीट येतोय, फंक्शनांच्या नावांसकट. तो कुठून येतो? मशीन एक्स८६-६४, कंपायलर जीसीसी.

दगडी_चाळ:
‘स्टेप’चं वागणं बरोबर आहे. ज्या फंक्शनला ओळींची माहिती नाही, त्यात उभं राहून ‘स्टेप’ दिलं की जीडीबी त्या फंक्शनातून बाहेर पडेपर्यंत चालतो, आणि तसं आधी सांगतोही. तो संदेश आला का, एवढं तपासा. एकेक इन्स्ट्रक्शन चालायचं तर ‘स्टेपआय’.

रजिस्टर_सोळा:
ताई, वगळू नका. आणि त्या ४७ टेस्टना सरसकट एक्सफेलही (‘फेल होणं अपेक्षितच’ ही खूण) लावू नका. दोष कंपायलरचा किंवा ओएसचा, आपल्या हाताबाहेरचा असेल तेव्हा एक्सफेल. इथे दोष कुठेच नाही, अपेक्षा चुकीची लिहिली आहे.

आधी कोडं सोडवू. ‘-जी’ न देणं वेगळं आणि ‘स्ट्रिप’ करणं, म्हणजे फाइलीतून नावं वगैरे काढून टाकणं, वेगळं. ‘-जी’ नसलं तरी सिम्बॉल टेबल (नावं आणि पत्त्यांची यादी) फाइलीत असतंच, स्टॅटिक फंक्शनं धरून. नावं तिथून येतात. आणि एका फ्रेममधून (एका फंक्शन-कॉलचा स्टॅकवरचा भाग) वरच्या फ्रेममध्ये कसं जायचं, ते ‘ईएच-फ्रेम’ या विभागात असतं. एक्स८६-६४ वर जीसीसी तो न मागता घालतो आणि ‘स्ट्रिप’नेही तो जात नाही. म्हणून स्ट्रिप केलेल्या फाइलीत फ्रेम बऱ्याचदा बरोबर लागतात, फक्त नावांच्या जागी दोन प्रश्नचिन्हं दिसतात. तुम्हाला दोन वेगळे संच लागतील: एक नुसता ‘-जी’विना, दुसरा स्ट्रिप केलेला. एकाच्या अपेक्षा दुसऱ्याला लावल्या की घोळ होतो.

आता मुख्य गोष्ट. माहिती नसेल तर डिबगरने “मला माहीत नाही” म्हणायला हवं, आणि तसं म्हणतो का हीच टेस्ट. ‘लिस्ट’ने नकार द्यायचा, ‘इन्फो लोकल्स’ने नकार द्यायचा. ग्लोबल व्हेरिएबल नुसतं प्रिंट करायला गेलं तर प्रकार अज्ञात आहे, कास्ट करा (प्रकार तुम्हीच सांगा), असं सांगायचं. तो नकार शब्दशः अपेक्षित म्हणून लिहा.

मी यावर इतका का अडून बसतो, ते सांगतो. माझ्या आधीच्या कामात आम्ही बरीच वर्षं जुना जीडीबी वापरत होतो. तेव्हा डिबग माहिती नसलेलं कुठलंही फंक्शन इंटच (३२ बिटांचा पूर्णांक) परत देतं, असं तो गृहीत धरायचा. एका रात्री माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने प्रॉम्प्टवर ‘गेटएन्व्ह’ (एन्व्हायर्नमेंटमधली किंमत देणारं फंक्शन) बोलावून ‘होम’ विचारलं. उत्तर आलं -७२६४. त्याला वाटलं एरर कोड. दोन तास आम्ही तो एरर कोड हेडर फायलींत शोधला! प्रत्यक्षात ती स्टॅकवरच्या स्ट्रिंगच्या पत्त्याची खालची ३२ बिटं होती, वरची ३२ कापून टाकलेली. स्टॅकचे पत्ते तिथे ७एफएफएफ असे सुरू होतात, खालच्या अर्ध्या भागाचं सर्वांत वरचं बिट १ होतं, म्हणून आकडा ऋण. तेव्हा पुढे ‘कॅर *’ (स्ट्रिंगच्या पत्त्याचा प्रकार) लावूनही उपयोग नव्हता, कारण कापून झाल्यावर कास्ट व्हायचा. डबल (दशांश संख्या) परत देणाऱ्या फंक्शनचं तर आणखी वाईट: उत्तर एक्सएमएम० या रजिस्टरमध्ये, आणि डिबगर वाचणार आरएएक्स हे दुसरंच. मिळेल तो केर.

हे जीडीबी ८.१ मध्ये बदललं, जानेवारी २०१८ ला ती आवृत्ती आली. आता असं फंक्शन बोलावलं की जीडीबी अडतो आणि परतीचा प्रकार कास्ट करून सांगा म्हणतो. सांगितला की तोच खरा परतीचा प्रकार धरतो. तुमचा डिबगर जीडीबीच्या कुठल्या आवृत्तीवरून निघाला ते आधी बघा. ८.१ च्या आधीचा असेल तर त्या ४७ पेक्षा ज्या टेस्ट ‘पास’ झाल्या त्यांची मला जास्त काळजी वाटते.

जीडीबीच्या स्वतःच्या संचात ‘जीडीबी.बेस’खाली ‘नोडिबग’ नावाची टेस्ट आहे. तिच्यात टॉप, मिडल, इनर अशी एकमेकांना बोलावणारी फंक्शनं आहेत आणि प्रत्येक प्रकारचं ग्लोबल व स्टॅटिक व्हेरिएबल. तिच्यापासून सुरुवात करा. फ्लोट घेणारी फंक्शनं मुद्दाम घाला: नुसता परतीचा प्रकार सांगितला तर जुन्या सीच्या रीतीने फ्लोटचा डबल होऊन जातो आणि उत्तर चुकतं. तिथे पूर्ण फंक्शन पॉइंटरचा कास्ट लागतो.

एक बारीक सापळा. जीडीबीच्या संचातल्या, टेस्ट प्रोग्राम बांधणाऱ्या ‘प्रिपेअर फॉर टेस्टिंग’ला ऑप्शन दिला नाही तर तो स्वतःहून ‘डिबग’ धरतो. आपण समजतो ‘-जी’ काढलं, आणि ते तिथेच असतं.

टेस्टवाली_पुणे:
सर, मनापासून आभार. आमचा पाया ९.२ आहे, म्हणजे त्या बाबतीत सुटलो. ४७ पैकी ३८ ठिकाणी नकारच येत होता, फक्त मी उत्तराची वाट बघत होते. आता नकार अपेक्षित लिहिलाय, लीडनाही पटलं.

पण एक गंमत वाटावी असं होतंय: माझ्याकडे जिथे नकार येतो, तिथे शेजारच्या उबुंटू २२.०४ वर, जीडीबी १२ वर, लिबसीच्या (सीची मूळ लायब्ररी) फंक्शनांचे प्रकार बरोबर येतात. तीच फाइल, तीच टेस्ट.

दगडी_चाळ:
डिबगइन्फोडी, म्हणजे डिबग माहिती नेटवरून पुरवणारी सेवा. त्या मशीनवर सर्व्हरचा पत्ता एन्व्हायर्नमेंटमध्ये भरलेला असणार, आणि ‘हो’ म्हटलं की बिल्ड-आयडीवरून (फाइलीची ओळख-खूण) लिबसीची डिबग फाइल नेटवरून उतरते. टेस्ट सुरू करण्याआधी ‘डिबगइन्फोडी_यूआरएल्स’ रिकामा करा. ‘/यूएसआर/लिब/डिबग’मध्ये कुणी पॅकेज टाकून ठेवलंय का तेही बघा.

टेस्टवाली_पुणे:
बरोबर, तेच होतं. रिकामा केल्यावर दोन्हीकडे सारखंच.

आता खऱ्या अर्थाने अडलेली एकच उरली. आमच्या एका फंक्शनचं असेम्ब्ली हाताने लिहिलंय. त्याच्या आत थांबलं की बॅकट्रेसमध्ये ‘मिडल’ गायब होतं, थेट ‘टॉप’ दिसतं.

रजिस्टर_सोळा:
त्या फायलीत ‘.सीएफआय’ने सुरू होणाऱ्या, ‘ईएच-फ्रेम’ची माहिती देणाऱ्या ओळी आहेत का? नसतील तर त्या फंक्शनची ‘ईएच-फ्रेम’मध्ये नोंदच नाही. मग जीडीबी फंक्शनच्या सुरुवातीच्या इन्स्ट्रक्शन वाचून अंदाज बांधतो. आरबीपी (फ्रेमचा पत्ता धरणारं रजिस्टर) पुश करून आरएसपी (स्टॅकच्या टोकाचं रजिस्टर) त्यात ठेवलेला नसेल, तर तो अंदाज चुकू शकतो आणि परतीचा पत्ता भलत्याच जागेवरून वाचला जातो. मधली पायरी अशी सुटू शकते.

टेस्टवाली_पुणे:
एकही ओळ नव्हती. ‘.सीएफआय_स्टार्टप्रॉक’, ‘.सीएफआय_एंडप्रॉक’ आणि पुशनंतरची ऑफसेटची ओळ घातली, ‘मिडल’ परत आलं. जुनी फाइलही वेगळ्या नावाने संचात ठेवतेय.