झोन्युलिन हाय आलंय, म्हणजे आतड्याला खरंच गळती आहे का?

पोटोबा_त्रस्त:
तीन वर्षं झाली आयबीएसचा (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, पोट सतत बिघडलेलं राहण्याचा आजार) त्रास आहे, जुलाबवाला प्रकार, सकाळी घरातून निघायच्या आधी तीन-चारदा जावं लागतं आणि ऑफिसात मीटिंग असली की पोटात कळ आलीच म्हणून समजा. एका वेलनेसवाल्याच्या नादी लागून साडेपाच हजार घालून झोन्युलिनची ब्लड टेस्ट केली, ती रेंजच्या वर आलीये. तो म्हणतो लीकी गट आहे, म्हणजे आतड्याचं अस्तर पाझरतंय, सहा महिने सप्लिमेंट घ्या आणि गहू बंद. दोन महिने झाले भाकरीवर आहे, थोडं बरंही वाटतंय, पण बायको म्हणते तुला गंडवलंय. कोणी केलीये का ही टेस्ट?

सिरमवाली:
वहिनींचं ऐका हो. मी लॅबमध्ये आहे म्हणून सांगते. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, ती पकड सैल करणारं प्रोटीन म्हणजे झोन्युलिन, फसानो या संशोधकांच्या टीमने २००० साली त्यावर पेपर काढला आणि २००९ ला कळलं की हे तर प्री-हॅप्टोग्लोबिन २ आहे, म्हणजे हॅप्टोग्लोबिन या रक्तातल्या प्रोटीनचं आधीचं रूप. इथवर सगळं ठीक, गोची किटमध्ये आहे. बाजारातलं नेहमीचं एलायझा किट (अँटीबॉडी वापरून रक्तातलं प्रोटीन मोजणारं) २०१८ मध्ये काहींनी तपासून बघितलं तर ते हे प्रोटीन पकडतच नव्हतं, दुसरंच काहीतरी मोजत होतं. काही लोकांच्या जीन्समुळे त्यांच्या अंगात झोन्युलिन तयारच होत नाही, त्यांच्या रक्तातही किट आकडा दाखवतं, आता बोला! त्यामुळे 'हाय' म्हणजे नक्की काय हाय ते कोणीच सांगू शकत नाही.

डॉक_निवांत:
वरचं बरोबर आहे, पण म्हणून लीकी गट ही निव्वळ थाप आहे असंही नाही. जुलाबवाल्या आयबीएसमध्ये, खासकरून ज्यांचं दुखणं एखाद्या जोरदार इन्फेक्शननंतर सुरू झालं त्यांच्यात, काहींची आतडी जास्त पाझरतात हे दिसलंय. ते बघतात लघवीवरून, लॅक्ट्युलोज आणि मॅनिटॉल पाजून लघवीत कोणती साखर किती उतरली ते मोजतात, पण तेही जास्त करून रिसर्चमध्ये, कारण आकडा कळला तरी रोजच्या औषधात फारसा फरक पडत नाही. तुम्हाला विचारतो, शौचातली कॅलप्रोटेक्टिन आणि रक्तातली टीटीजी आयजीए झालीये का? पहिलीवरून आतड्याला सूज आहे का कळतं, दुसरी सीलिअ‍ॅकसाठी, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रोटीनमुळे आतड्याला इजा होते तो आजार. आणि वजन उतरणं, शौचातून रक्त, रात्री जुलाबासाठी उठावं लागणं यातलं काही असेल तर इथे टाइप करत बसू नका, सरळ पोटाच्या डॉक्टरकडे जा.

पोटोबा_त्रस्त:
रक्त वगैरे काही नाही, वजनही जिथल्या तिथे. टीटीजी केलेली नाही, उद्याच करून टाकू का?

डॉक_निवांत:
उद्या नको! गहू सोडलाय ना तुम्ही, सीलिअ‍ॅक असला तरी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. किमान सहा आठवडे रोज दोन जेवणांत तरी पोळी खा, मग रक्त द्या. ही टेस्ट गहू बंद करायच्या आधी करायला हवी होती. आणि भाकरीने बरं वाटलं म्हणजे ग्लुटेनच वाईट असं नाही, गव्हात फ्रुक्टॅन (आपल्याला न पचणारे एक प्रकारचे कार्ब्ज) असतात, कांदा-लसणातही तेच, ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश युनिव्हर्सिटीवाल्यांच्या लो फॉडमॅप डाएटमध्ये (नीट न शोषले जाणारे, पोटात आंबणारे कार्ब्ज कमी करायचं डाएट) म्हणूनच तिन्ही कमी करतात.

माजघर:
लसणाशिवाय जमत नसेल तर अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकायच्या, मग पुढची फोडणी, फ्रुक्टॅन तेलात उतरत नाहीत. आमच्याकडे वर्षभर असंच चाललंय.

पोटोबा_त्रस्त:
म्हणजे सहा आठवडे परत पोळी. बायकोला सांगितलं, ती हसतीये. सप्लिमेंटचे दोन डबे सीलबंद आहेत, ते परत घेतो का विचारायला फोन केला तर वेलनेसवाला उचलत नाही.