अनुभव धागा : घरातला पोलीस

लाईनवाली

मागच्या महिन्यात बाबा गेले. शिपाई म्हणून भरती झाले होते, फौजदार म्हणून निवृत्त झाले. गुरुजींनी शाळेत १ जून जन्मतारीख लावलेली, त्यामुळे ५८ पूर्ण धरून ३१ मेलाच निरोप समारंभ उरकला होता. तेराव्याला खात्यातले लोक येणार हे धरलेलंच होतं. पण बाबांनी कधीकाळी आत टाकलेला एक जणही येऊन कोपऱ्यात बसला. जाताना भावाला म्हणाला, "साहेबांनी माझ्या नावावर माझंच लिहिलं, दुसऱ्याचं चढवलं नाही."

वर्दीतल्या माणसाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, घरातल्या पोलिसाबद्दल फारसं नाही. तुमच्या घरी, नात्यात, शेजारी कुणी निवृत्त पोलीस असेल तर लिहा. गुन्हा उकलल्याच्या गोष्टी चालतील, पण मला घरचं जास्त ऐकायचंय. राग असेल तर तोही लिहा.

आधी माझं. पोलीस लाईनीतल्या दोन खोल्या. परेडच्या आदल्या रात्री पट्ट्याचं बक्कल ब्रासोने घासायचं काम माझ्याकडे. जुन्या बनियनचा तुकडा, तो नाकात जाणारा वास. घासून झालं की बाबा बक्कल दिव्याखाली धरून तिरकं करून बघायचे. कडेच्या खाचेत पांढरट काही राहिलं असेल तर आगपेटीची काडी माझ्या हातात द्यायचे, बोलायचे नाहीत. आमचा गणपती दीड दिवसाचा आणि आरती आईच्या आवाजात, कारण बाबा दुसऱ्यांच्या गणपतीला उभे असायचे. रिटायर झाल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी आरतीचं ताट हातात घेतलं आणि दुसऱ्या कडव्याला अडकले. पाठच नव्हती.

मांजराकाठ

आमचे अण्णा लातूर जिल्ह्यात हवालदार होते. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. विसर्जनाचा बंदोबस्त संपवून मध्यरात्रीनंतर घरी आले, बूट काढले, अंग टाकलं. चारला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. उजाडायच्या आत परत बूट घातले आणि किल्लारीकडे गेले. त्यानंतर कैक दिवस दिसले नाहीत.

आले तेव्हा आईने कपडे घरात घेऊच दिले नाहीत, बाहेरच भिजत टाकले. आम्हाला काही सांगितलं नाही, पुढेही कधी नाही. एवढंच कळायचं की दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद असलेल्या घरात ते रात्री मुक्काम करत नसत. सोयऱ्यांकडे लग्न असलं तरी सतरंजी घेऊन अंगणात. लोक म्हणायचे हवालदाराला हवा लागते. आम्हीही तेच सांगायचो, बरं पडायचं.

रिटायर झाल्यावर गावात कुणीही घर बांधायला काढलं की हे तिथे हजर. "कॉलम घेतलेत का? वर बेल्ट कुठाय?" पोलिसाला बांधकामातलं काय कळतं म्हणून गवंडी वैतागायचे. पण भिंतीवरचा सिमेंटचा बेल्ट टाकायचे.

सूनबाई_१

माझे सासरे पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणून इतकी वर्षं बसले होते की स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, सुटली तरी सवय सुटली नाही. दोनशे पानी वही, समास आखलेला, चोवीस तासांचं घड्याळ.

"०६.५० वा. दूधवाला आला. दूध दीड लिटर. ०६.५२ वा. रवाना."
"११.१५ वा. शेजारील इसम वर्तमानपत्र मागण्यास आला. कालचे परत केलेले नाही, तशी समज दिली."

मी नवी नवी आले तेव्हा माझ्याही नोंदी असायच्या, कुठे गेले, किती वाजता आले. फार राग यायचा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, माझ्या कॉलेजच्या वर्षांच्या वह्या माळ्यावर आहेत, वाचायला देऊ का? पाहुण्यांचीही सुटका नव्हती. कोणत्या गाडीने आलात, ती तर अमुक वाजता पोचते, मग मधला वेळ कुठे होतात!

मुलगी झाली त्या दिवसाचं पान मात्र मी फोटो काढून ठेवलंय. "१४.२० वा. सूनबाई दवाखान्यातून परत. सोबत नवजात कन्या. दोघी सुखरूप. सर्व ठीकठाक." खाली सही, आणि सहीखाली हुद्दा.

निशाचर

राग लिहा म्हणालात म्हणून लिहितो. माझे वडील चांगले पोलीस होते असं सगळे म्हणतात, असतील. घरी ते चांगले नव्हते. साप्ताहिक सुट्टी कागदावर, ती रद्द झाली की सगळं आमच्यावर निघायचं. पट्टा फक्त कमरेला नसायचा. बदली झाली की आमची शाळा बदलायची आणि त्याबद्दल आम्हाला कुणी विचारायचं नाही.

५८ नंतर वर्षभर खुर्चीत बसून होते. मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. तिचं अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं त्यांनी केलं, बाई ठेवू दिली नाही. मी लांबून बघत होतो. मनात हेच, की हे हात असेही चालत होते तर. ती गेली, नंतर तेही गेले. माफी त्यांनी मागितली नाही, मीही काढला नाही विषय. यापुढे लिहवत नाही.

ब_नं_विसरलेला

मी खात्यातलाच, आता निवृत्त. रायटर होतो, म्हणजे ठाण्यातलं लिखाण माझ्याकडे. माझ्या पहिल्या फौजदारसाहेबांबद्दल लिहितो. मी पहिला पंचनामा लिहिला त्यात "खोलीत झटापट झाली" असं वाक्य होतं. साहेबांनी विचारलं, "तू बघितलीस झटापट?" नाही म्हटलं. "मग काय बघितलंस?" स्टूल आडवं, बांगडीच्या काचा, भिंतीला डाग. "तेवढं लिही. झटापट कोर्ट बघून घेईल." लाईनवाली, तुमच्या बाबांबद्दल तो माणूस जे म्हणाला त्याची किंमत आम्हाला विचारा. चढवायला एक ओळ पुरते.

नातू

आबांना कलमं तोंडपाठ. १ जुलै २०२४ ला जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा आबा ऐंशीच्या घरात. मला म्हणाले, छापून आण. फ्रीजवर यादी चिकटवली, ३०२ चं १०३, ४२० चं ३१८, ३७९ चं ३०३, आणि चहा घेताना मला एकेक विचारायला लावायचे. कशासाठी, कुणास ठाऊक. आजी म्हणायची, "भरती निघालीय वाटतं." ४२० गेल्याचं मात्र त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

लाईनवाली

निशाचर, लिहिलंत, बरं केलंत. आमच्या लाईनीत रात्री कोणत्या खोलीतून आवाज येतोय ते सगळ्यांना कळायचं, सकाळी नळावर कुणी विषय काढायचं नाही.

धागा आईला वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बंदोबस्तावरून आलेल्या माणसाला आधी जेवण द्यायचं की झोपू द्यायचं, हे एकानेही लिहिलं नाही. आधी पाय बुडवायला कोमट पाणी द्यायचं, मीठ टाकून. मग बोलायचं."

लिही म्हणाली म्हणून लिहिलं. आता बायकांचं येऊ द्या.