पीच कॉब्लरमध्ये ब्रँडी: माझं मत, ओव्हनमध्ये घालूच नका

लोणीसाखर:
मंडळी, डोकं तापलंय म्हणून धागा काढतेय. काल पीच कॉब्लर केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खोलगट भांड्यात साखर लावलेली फळं, वर लोणी घातलेल्या सैलसर पिठाचे चमच्याने टाकलेले गोळे, आणि बेक. खाली पारी नाही म्हणून तो पाय (pie) नाही, वर कोरडा चुरा नाही म्हणून क्रम्बल नाही. तर पाककृतीत लिहिलं होतं की चिरलेल्या फळांत अर्धा कप ब्रँडी घाला. घातली. वरचं पीठ करपू नये म्हणून फॉइल लावली, पाऊण तास ठेवलं, ओव्हन उघडला तर जो भपकारा आला तो थेट डोळ्यांत, मी दोन पावलं मागे. मला वाटलं वा, मस्त वास! आणि खायला बसलो तर ब्रँडी कुठेय? सगळी त्या भपकाऱ्यातच गेलेली. मागे उरला एक विचित्र कडवटपणा, खाली रसाचं तळं, आणि गोळे वरून सोनेरी पण चमच्याने उलटवले तर पोटाकडून चिकट कच्चे.

म्हणून माझं ठाम मत: ब्रँडी ओव्हनमध्ये घालायचीच नाही. एक तर कॉब्लर बाहेर काढल्यावर गरम रसात दोन मोठे चमचे फिरवा, नाहीतर लोणी, पिठीसाखर आणि ब्रँडी फेटून तो घट्टसर सॉस करतात तो वर ठेवा, गरम फळावर तो हळूहळू वितळतो. चांगली बाटली ओव्हनला पाजण्यात काय अर्थ आहे? बोला आता.

दीडशहाणा:
असहमत, आणि जरा जोरात असहमत. तुझी तक्रार ब्रँडीबद्दल नाहीच आहे, मापाबद्दल आहे. अर्धा कप म्हणजे 120 मिली! किलोभर फळाला 45 मिली, म्हणजे तीन मोठे चमचे, पुष्कळ झाले. पाणीदार फळात आधीच रस सुटतो, त्यात तू अजून अर्धा कप पातळ पदार्थ ओतलास आणि वर फॉइल लावून वाफ कोंडलीस, तळं होणार नाही तर काय होणार.

माझी पद्धत अशी. फळं चिरून साखर लावून अर्धा तास चाळणीत ठेवायची, खाली भांडं. साखर फळातलं पाणी ओढून घेते, वाटीभर रस सहज जमतो. तो रस आणि ब्रँडी एकत्र करून छोट्या पातेल्यात उकळायचं, निम्म्यावर आलं, चमच्याच्या पाठीवर थर धरला की बंद. मग थंड पाण्यात कालवलेलं दोन चमचे कॉर्नफ्लोअर, लिंबाचा रस, चिमूट मीठ, आणि हे सगळं परत फळावर. ब्रँडीचा घशाला लागणारा चटका जातो, पण लाकडी पिंपात मुरल्यामुळे जो व्हॅनिलासारखा, थोडा जळक्या साखरेसारखा स्वाद तिच्यात असतो त्यातला बराच राहतो. नंतर ओतलेल्या ब्रँडीत चटकाच आधी जिभेवर येतो, बाकीचं मागून आलं तर आलं.

आळशी_बल्लव:
दोघेही उगाच डोक्याला ताप करून घेताय. मी सरळ ओततो, झाकतो, विसरतो. आणि अल्कोहोलचं म्हणाल तर ते 78 अंशाला उकळतं, ओव्हन 190 वर असतो, पहिल्या पाच मिनिटांत सगळं हवेत! म्हणून तर पोरांना पण बिनधास्त वाढतो. हाय काय नाय काय.

प्रयोगवही:
बल्लवराव, थांबा. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की दर वेळी कुणीतरी हेच लिहितं.

ओव्हन 190 ला असला तरी फळ 190 ला नसतं ना. रसात पाणी आहे तोवर आतलं तापमान 100 च्या आसपासच अडकून राहतं. आणि अल्कोहोल पाण्यात मिसळलं की ते 78 अंशाला एकटं उठून निघून जात नाही, दोघं मिळून वाफ होतात, वाफेत अल्कोहोलचं प्रमाण रसातल्यापेक्षा जास्त इतकंच. जसजसं अल्कोहोल कमी होतं तसतसं उरलेलं काढणं अवघड होत जातं. अमेरिकेत 1992 मध्ये याचा नीट अभ्यास प्रसिद्ध झालाय, अमेरिकन कृषी खात्याच्या तक्त्यातही आकडे आहेत: पदार्थात मिसळून शिजवलं तर 15 मिनिटांनी साधारण 40 टक्के अल्कोहोल शिल्लक, अर्ध्या तासाने 35, तासाने 25, दोन तासांनी 10. अडीच तासांनीसुद्धा 5 टक्के. शून्य कधीच नाही.

आता हिशोब करू, मला त्यातच मजा येते. 45 मिली ब्रँडी, 40 टक्क्यांची, म्हणजे 18 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे 14 ग्रॅम. पाऊण तासाला तीस टक्के धरू, उरले चारेक ग्रॅम, आठ जणांत वाटले तर प्रत्येकी अर्धा ग्रॅम. फार नाही. पण लोणीसाखर, तुझे ते "नंतर दोन चमचे" बघ. 30 मिलीत साडेनऊ ग्रॅम, आणि गॅस बंद केल्यावर गरम पदार्थात घातलं तर त्याच तक्त्यानुसार 85 टक्के राहतं, म्हणजे आठ ग्रॅम, प्रत्येकी एक. बाटलीतून कमी ओतलीस आणि ताटात दुप्पट गेली. तुझ्या काचेच्या भांड्यावर फॉइल होती म्हणजे कालसुद्धा तक्त्यापेक्षा जास्तच राहिलं असणार, वाफ परत आतच पडते. रुंद उथळ भांड्यात जास्त उडतं, खोल अरुंद भांड्यात कमी.

लोणीसाखर:
@प्रयोगवही मला ताटात जायलाच हवीये की! मी चवीसाठी घालतेय ना. तुमचं गणित माझ्याच बाजूने आहे, बघा पुन्हा :)

आळशी_बल्लव:
अर्धा ग्रॅम?? त्याने मुंगीला तरी काही होईल का. आणि खरं व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट घालता तेव्हा कुणी ओरडत नाही, त्यात अमेरिकेच्या नियमाप्रमाणे कमीत कमी 35 टक्के अल्कोहोल असतं. मग केकवाले सगळे दारूडे का?

खरं_सांगून_वाढा:
एरवी मी फक्त वाचते पण इथे लिहावंच लागतंय. मी घेत नाही, कारण कुणाला सांगायची गरज नाही. एका ओळखीच्यांकडे जेवायला गेले होते, शेवटी सफरचंदाचं कॉब्लर आलं, दोन घास खाल्ले आणि नाकात वास गेला. विचारलं तर म्हणाले "अगं शिजलंय, उडून गेलं सगळं". अगदी बल्लवराव म्हणतात तेच. मी चमचा खाली ठेवला तर टेबलावर सगळे माझ्याकडेच बघायला लागले, म्हणजे लाज मलाच वाटायला हवी अशा पद्धतीने.

अर्धा ग्रॅम की एक ग्रॅम हा मुद्दाच नाहीये. कुणी धर्मामुळे खात नाही, कुणी गरोदर असतं, कुणी मोठ्या कष्टाने सोडलेली असते आणि त्याला नुसता तो वासही नको असतो. डायसल्फिराम नावाचं दारू सोडवण्याचं औषध चालू असेल तर डॉक्टर सॉसमधली दारूसुद्धा टाळायला सांगतात, कारण थोड्याशा अल्कोहोलनेही मळमळ, धडधड, चेहरा लाल होणं असं होऊ शकतं. पाहुणा हे सगळं तुम्हाला दारातच थोडीच सांगणार आहे? तुम्ही सांगा ना, "यात ब्रँडी आहे". तीन शब्द. आणि व्हॅनिलाचं म्हणाल तर अख्ख्या केकला एक छोटा चमचा, 5 मिली पडतो, त्याची तुलना अर्ध्या कपाशी? तरी मला विचारलंत तर मी म्हणेन तेही विचारलं की सांगा.

आळशी_बल्लव:
तुमचा मुद्दा पटला, खरंच. पोरांचं पण आता वेगळं भांडं करीन. पण चवीच्या बाबतीत मी हटत नाही, ओता आणि विसरा.

जिभेचे_चोचले:
मी तिसऱ्याच बाजूची. आधी की नंतर हा प्रश्नच चुकीचा, कुठल्या फळाला हा प्रश्न आहे. सफरचंद, नाशपाती, पीच, जर्दाळू यांना ब्रँडी शोभते, त्यांच्यात स्वतःच गोडसर मंद वास असतो आणि ब्रँडी त्याला साथ देते. ब्लूबेरी, रासबेरीला कृपा करून घालू नका, त्यांचा आंबट तजेला मारून टाकते आणि खाताना खोकल्याचं औषध आठवतं. चेरीला घालायचीच असेल तर चेरीचीच, किर्श मिळाली तर. सफरचंदाला कॅल्व्हाडोस, ती सफरचंदापासूनच करतात, फ्रान्समधल्या नॉर्मंडीत. साधी ब्रँडी म्हणजे द्राक्षाची वाइन ऊर्ध्वपातन करून केलेली, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं.

आणि एक सावधगिरी. बाटलीवर नुसतं "पीच ब्रँडी", "ॲप्रिकॉट ब्रँडी" असं लिहिलेलं बऱ्याचदा साखर आणि स्वाद घातलेलं गोड लिकर असतं. ते घालून पाकृतली साखरही तेवढीच ठेवलीत की कॉब्लर नाही, जॅम होतो. मी केलाय. अख्खं भांडं पावाला लावून संपवावं लागलं.

जाता जाता, फळ पिकलेलं आणि सुवासिक असेल तर मी ब्रँडी घालतच नाही. बेचव फळ झाकायलाच लोक बाटली उघडतात असं माझं निरीक्षण आहे, राग येवो.

दीडशहाणा:
राग आला. मी पिकलेल्या फळालाच घालतो. बेचव फळात ब्रँडी घातली तर ब्रँडी घातलेलं बेचव फळ मिळतं, झाकलं काहीच जात नाही.

भडका:
मी तर पेटवते! पॅनमध्ये फळं परतून त्यावर ब्रँडी आणि काडी. अल्कोहोल जळून जातं, चव राहते, शिवाय पाहुणे टाळ्या वाजवतात. कुणीच कसं बोललं नाही यावर?

प्रयोगवही:
कारण घाबरतो आम्ही :) जळून जात नाही हो. पेटवल्यावरही 75 टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहतं, ज्वाळा फक्त वरची वाफ खातात आणि मिश्रणातलं अल्कोहोल थोडं उतरलं की विझतात. तुम्हाला ती जळकट कड आवडत असेल तर जरूर करा, पण बाटलीतून थेट गरम पॅनवर ओतू नका, ज्योत धारेवरून वर बाटलीत चढू शकते. वाटीत मोजून घ्या, गॅस बंद, मग ओता, लांब काडीने पेटवा, चेहरा बाजूला, वर चिमणीचा पंखा बंद. आणि झाकण हाताशी.

तसंच लोणीसाखरच्या भपकाऱ्याबद्दल: ती गंमत नव्हती. बंद ओव्हनमध्ये भरपूर अल्कोहोलची वाफ आणि आत लाल तापलेली कॉइल किंवा गॅसची ज्योत, हे जोडपं बरं नाही. अर्धा कप आधीच घालणाऱ्यांनी निदान आटवून तरी घाला, म्हणजे दीडशहाणा म्हणतात तसं. मी त्यांच्याशी सहमत होतोय याची नोंद घ्यावी, परत होणार नाही.

लोणीसाखर:
बरं ऐका. इतकं बोललात म्हणून आज परत केलं, तीन छोट्या भांड्यांत, फळ एकच, पीठ एकच. पहिल्यात दीडशहाणा पद्धत, रस आणि ब्रँडी आटवून. दुसऱ्यात माझी, बाहेर काढल्यावर. तिसऱ्यात ब्रँडी नाहीच, सफरचंदाचा रस निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवला आणि त्यात दोन थेंब व्हिनेगर, कारण नुसता गोड लागत होता.

कच्च्या पोटाचा प्रश्न सुटला बरं का! आधी फळंच दहा मिनिटं ओव्हनमध्ये नीट गरम केली आणि मग वर गोळे टाकले, गोळ्यांमध्ये बोटभर फट सोडली, फॉइल अजिबात नाही. खालून वाफ लागल्याने तळाकडूनही शिजले, एक फोडून बघितला तर आत पांढरा, जाळीदार. रस मधोमध जाड बुडबुडे काढेपर्यंत काढायचं नाही हेही शिकले, नुसत्या कडा उकळत असतात तेव्हा मधलं कॉर्नफ्लोअर अजून पातळच असतं. काल मी तिथेच फसले होते.

आता चव. माझं नंतरवालं नाकाला एक नंबर, पण खाताना फळ वेगळं आणि ब्रँडी वेगळी, एका घरात राहून न बोलणाऱ्या जावांसारखी. आटवलेल्यात ब्रँडी म्हणून वेगळी काही सापडत नाही, पण तिसऱ्या भांड्याच्या शेजारी ठेवून खाल्लं की कळतं की पीच जास्त पीच लागतंय. म्हणजे ओव्हनमध्ये घालूच नका हे माझं वाक्य मागे घेते. अर्धं. तो लोण्याचा सॉस मी सोडणार नाही. मला स्वतःला अजूनही दुसरंच आवडलं, घरच्यांनी पहिलं संपवलं.

@खरं_सांगून_वाढा, तिन्ही भांड्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. तिसरं चांगलं झालं पण कॉर्नफ्लोअर थोडं कमी लागेल, आटवलेला रस आधीच दाट असतो.

खरं_सांगून_वाढा:
चिठ्ठ्यांबद्दल थँक्यू. व्हिनेगर कुठलं, सफरचंदाचं का? आणि फळं गोठवलेली असतील तर चाळणीची पद्धत चालते का?

दीडशहाणा:
चालते, उलट सोपी. पूर्ण वितळू दे, गोठल्याने फळाच्या पेशी फुटलेल्या असतात त्यामुळे साखर न लावताच रस सुटतो, भरपूर. सगळा आटव. फक्त साखर नंतर चव बघून घाल, आणि फळ मऊ झालेलं असतं म्हणून ते दहा मिनिटं आधी गरम करायचं पाचवर आण, नाहीतर लगदा होईल.

लोणीसाखर:
हो, सफरचंदाचंच व्हिनेगर.